वच्छलामावशीचा अंगठा

परवा भाचीच्या लग्नासाठी बीडच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेले. दुकानदारानं कपाटातून दोन डबे काढून समोर ठेवले आणि विचारलं, "माप काय?" भाचीनं तिचं माप लगेच सांगितलं. मग तो माझ्याकडे बघायला लागला आणि मला काही सांगता येईना. जन्मभर हातात बांगड्या घातल्या, पण माझं माप मला कधी माहीतच नव्हतं. ते वच्छलामावशीला माहीत होतं.

धारूरला शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गल्लीत मी खोली घेतली. समोरचं दार वच्छलामावशीचं. ती कासारीण. बाजारात तिचा एक अरुंद गाळा होता, आणि लग्नसराईत किंवा कुणाकडे डोहाळजेवण असलं की ती बांगड्यांची पेटी घेऊन आसपासच्या खेड्यांवर जायची. अंगानं ठेंगणी, आवाज खणखणीत, नाकात मोरणी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघायची. मी राहायला आले त्याच दिवशी संध्याकाळी ती पेटी आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन माझ्या उंबऱ्यात येऊन बसली. मी म्हटलं, मावशी, मला नकोत, मी फक्त घड्याळ घालते. तिनं ऐकलंच नाही. माझा हात ओढून मांडीवर घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघितला आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, खडू धरून धरून हाताचं लाकूड झालंय तुमच्या. सोडा हात. माझ्याकडं द्या तो, आन तुमी दुसरीकडं बघा."

काचेची बांगडी हाताच्या सगळ्यात रुंद हाडावरून सरकवायची असते. माणूस त्या क्षणी हात आवळतो आणि बांगडी पिचते. मावशीची युक्ती अशी, की बांगडी त्या हाडापाशी आली की ती काहीतरी असा प्रश्न विचारायची ज्याचं उत्तर लांबलचक असेल. मला तिनं विचारलं, "तुमच्या माहेराला पाणी कुठून येतं?" मी तळं, टाकी, टँकर असं सांगत बसले आणि सांगून झालं तेव्हा हात हिरवा झाला होता. बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही. 'वाढली' म्हणायची. फुटलेले तुकडे उचलतानासुद्धा त्यांना नाव ठेवायची नाही.

तिला हातावरून माणूस कळायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्याच गल्लीत एक नवी सून आली होती. संक्रांतीला सासूनं तिला बांगड्या भरायला मावशीपुढे बसवलं. मावशीनं तिचा हात हातात घेतला, बाही जरा वर सारली आणि थांबली. मनगटावर बोटांचे वळ होते. चारचौघी बायका बसलेल्या. मावशी सासूला म्हणाली, "वैनी, ह्या हातात कुणाची तरी बोटं रुतल्यात. आज मी बांगड्या भरते. त्या वाढल्या तर माझ्या मालाला नाव ठिवायचं न्हाई. मी दर आठवड्याला येऊन बगून जाईन, किती ऱ्हायल्या." आणि खरंच दर आठवड्याला ती त्या घरी जायची. चहा प्यायची, सुनेचा हात बघायची, निघून यायची. त्या घरात पुढे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलीच्या हातावर नंतर वळ दिसले नाहीत.

मावशीचा नवरा किसनकाका. उंच, वाकलेला, अबोल माणूस. आयुष्यभर साखर कारखान्यात धुलाईच्या कामावर होते. दिवसभर पाण्यात उभं राहायचं काम, पायात रबरी गमबूट. पुढे कमरेत काहीतरी सरकलं आणि काम सुटलं. तेव्हापासून त्यांना वाकता यायचं नाही. दारापुढच्या ओट्यावर बसून यायच्या-जायच्या माणसांकडे बघणं एवढंच त्यांचं काम. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी दुपारी मावशी त्यांना ऊन बघून बसवायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि नखं काढायची. नखं काढताना तोंडानं अखंड बडबड चालू. ते कधीतरी "हं" म्हणायचे. धारूरमधलं ते एकच जोडपं मी बघितलं, ज्यांना उघड्यावर एकमेकांना हात लावायची लाज वाटत नव्हती.

मावशीच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला रंग दिसला, तेव्हा मला आधी गंमत वाटली. साठीकडे झुकलेली बाई, आणि एकाच हाताच्या अंगठ्याला आणि मधल्या बोटाला गडद लाल नेलपॉलिश. मी विचारलं, "मावशी, काय विशेष?" ती हसली. "गिऱ्हाइकाला बरं वाटतं." मग पुढच्या आठवड्यात तर्जनीही लाल झाली. कुणी थट्टा केली की तीही थट्टा करायची. पण मी एकदा तिला गाळ्यात एकटीला बघितलं. ती अंगठा डोळ्यांपाशी धरून रंगाच्या कडेनं काहीतरी शोधत होती.

सुरुवात कशी झाली ते तिनं मला पुढे सांगितलं. काचेचा बारीक तुकडा नखाच्या कडेला लागला, तिथं सुजलं. नखुरडं झालं म्हणून तिनं लिंबू कापून बोटाला टोपीसारखं घातलं. सूज गेली, पण नखाची एक बाजू पिवळी पडली. मग ती बाजू जाड झाली, खालून भुगा पडायला लागला, नख मांसापासून सुटायला लागलं. औषधाच्या दुकानातून तिनं खाज-गजकर्णाची म्हणून एक ट्यूब आणली. ती लावली की दोन दिवस बरं वाटायचं, आणि पुन्हा दुप्पट. मग दुसरी ट्यूब. कुणी सांगितलं चुना लाव, चुना लावला. कुणी सांगितलं बॅटरीतलं पाणी लाव, ते लावून बोट भाजून घेतलं. कालिकेला नवस बोलून झाला. आणि ह्या सगळ्यावर दर दोन दिवसांनी नव्या रंगाचा हात. दिवसभर साबणाच्या वाटीत बोटं बुडायची, घरी आल्यावर भांडी, धुणं. ती बोटं कधी कोरडी होतच नव्हती.

"दवाखान्यात का नाही गेलात?" मी विचारलं होतं.

"नखासाठी कुणी दवाखान्यात जातं का बाई? हसतील लोक."

लोक हसले नाहीत. लोकांनी आधी कुजबुज केली. बायकांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. रंग उडाला की खालचं नख दिसायचं, मातकट, खडबडीत, कडेला काळपट. कुणी म्हणालं, कासारणीच्या हाताला किडा लागलाय. कुणी म्हणालं, महारोग तर नव्हं? एक जण तर म्हणाली, दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसते, त्याचं हे फळ. गाळ्यावर आलेल्या बायका "तुमी नुसत्या द्या मावशी, घरी भरीन मी" असं म्हणून बांगड्या कागदात बांधून न्यायला लागल्या. मावशी कागद बांधून द्यायची. हात मात्र तसाच पुढे राहायचा, पसरलेला.

पण तिला खरं समजलं ते प्रणिताच्या लग्नात.

धारूरच्या खाली घाट उतरल्यावर एका गावात एक मोठं शेतकरी घर आहे. घरातला माणूस राजकारणातला, दारात सतत गाड्या. त्या घराशी मावशीचा जुना घरोबा. तिथल्या उषावहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा चुडा मावशीनं भरला होता, आणि आता त्यांची मुलगी प्रणिता हिचं लग्न होतं. मलाही बोलावणं होतं, कारण प्रणिता माझी विद्यार्थिनी. आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघी एकाच जीपनं गेलो. मावशीनं नवं लुगडं नेसलं होतं. पेटी मांडीवर. नखांना ताजा रंग.

माजघरात सतरंजी अंथरलेली. बायकांची गर्दी, हळद, फोटो काढणारा पोरगा. प्रणिता पाटावर बसली. मावशी समोर बसली, पेटी उघडली आणि हात पुढे केला. तेवढ्यात उषावहिनी खाली वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमी बांगड्या काढून द्या. भरायचं काम ही करील. बीडहून बोलावली हाय पार्लरवाली."

मावशीला आधी ते कळलंच नाही. ती म्हणाली, "पार्लरवालीला चुडा कसा जमंल वैनी?"

"जमंल. तुमचा हात जरा… म्हंजी लग्नाचं घर हाय मावशी. पोरीच्या अंगाला काई व्हायला नको."

कुणी मोठ्यानं बोललं नाही. अपमान करायचा म्हणून केला असंही मला वाटलं नाही. आई घाबरली होती एवढंच. पण माजघरातल्या सगळ्या बायका त्या तीन लाल नखांकडे बघत होत्या. मावशीनं हात मागे घेऊन पदराखाली धरला. डाव्या हातानं एक एक जोड काढून त्या पार्लरवाल्या मुलीला दिला. मुलीच्या हातून पहिलीच बांगडी पिचली. मावशीनं डाव्या हातानं तुकडे वेचले. उषावहिनींनी जेवायचा आग्रह केला, तर म्हणाली, "उपास हाय." रिकामी झालेली पेटी घेऊन ती फाट्यापर्यंत चालत गेली. मी बरोबर निघाले तर मला म्हणाली, "तुमी थांबा बाई. तुमच्या पोरीचं लगीन हाय."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि मी दुपारीच परतले. कपडे बदलते तोच दारात किसनकाका. ते माझ्या दारात कधी आलेले नव्हते. भिंतीला धरून उभे होते.

"बाई, जरा चला. ती आतून कडी लावून बसलीय. माझ्यानं दार ढकलवत न्हाई."

मी हाका मारल्या. बऱ्याच वेळानं कडी निघाली. मावशी मोरीपाशी खाली बसली होती. समोर काकांची जुनी पक्कड. अंगठ्याचं नख अर्धं उपटलेलं, मुळाशी अजून चिकटलेलं, आणि रक्त मोरीतून वाहत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा राखेसारखा.

"मुळासकट काढलं की जाईल म्हणलं," ती म्हणाली. "निगंना. लई घट्ट हाय."

मी पक्कड उचलून बाजूला ठेवली आणि तिचा हात स्वच्छ कपड्यात गुंडाळला. ती तशीच बोलत राहिली. "बाई, बोट तोडलं तर बी चालंल मला. अंगठा नसला तर बी मी भरीन. चार बोटांनी भरीन. पण हे असलं बोट घिऊन कुणाच्या दारात जाऊ मी?" दारात उभ्या काकांनी तोंड फिरवलं.

त्याच दुपारच्या गाडीनं आम्ही अंबाजोगाईला गेलो. तिथं चामडीच्या एक डॉक्टरबाई होत्या, वयानं लहानच. त्यांनी आधी जखम साफ केली, सुटलेलं नख अलगद कापून काढलं, पट्टी बांधली. मग बाकीच्या नखांवरचा रंग पुसला आणि भिंग धरून बघितलं. नखाखालचा भुगा खरवडून कागदावर घेतला, तपासायला पाठवला. रक्त घेतलं. आणि मग विचारपूस सुरू केली. काय काम करता, हात पाण्यात किती असतो, काय काय लावलं. मावशी खालमानेनं सांगत गेली. बॅटरीचं पाणी ऐकून डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले, पण रागावल्या नाहीत.

"मावशी, हा महारोग नाही आणि कुणाचा शापही नाही," त्या म्हणाल्या. "ही बुरशी दिसतेय. पावसाळ्यात कोपऱ्यात ठेवलेल्या चपलेवर चढते ना, शिळ्या भाकरीवर चढते, त्यातलीच एक जात. तिला ओलावा लागतो आणि शिरायला फट लागते. तुमचा हात दिवसभर ओला, काचेनं कडा चिरलेल्या. त्यावर रंगाचं झाकण घातलंत. आत ती सुखानं वाढली. आणि ट्यूबमध्ये जे औषध होतं ते खाज दाबतं, बुरशीला उलट मोकळं रान देतं."

थोड्या वेळानं रक्ताचा अहवाल आला. साखर खूप वाढलेली होती. मावशीला ते माहीत नव्हतं. "हेही एक कारण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखर असली की अशी दुखणी हटत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाची नखं अशी आहेत?"

मावशीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "आमच्या ह्यांच्या पायाची हायती. लई वर्षांपासून. शिंगासारखी झाल्यात. गमबुटात पाय भिजून बोटांत चिखल्या व्हायच्या, तवापासूनची. त्यांना वाकता येत न्हाई, मीच काढते."

"कशानं काढता?"

"ज्यानं माझी काढते त्यानंच."

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. मग सावकाश समजावून सांगितलं. तेवढ्यानंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण एकाच नेलकटरनं ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, एकाच टॉवेलनं जाते, ओल्या मोरीत अनवाणी उभं राहिलं तरी जाते. दोघांचे नेलकटर वेगळे ठेवा, वापरून झाले की साबणानं धुऊन वाळवा. नखं सरळ आणि आखूड कापा, कडेचं कातडं कोरू नका. पाण्याचं काम करताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. गोळ्या काही महिने घ्याव्या लागतील, मधून मधून रक्त तपासावं लागेल. हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने तरी जातात, पायाचं तर वर्ष-दीड वर्ष. खराब झालेलं नख बरं होत नसतं, ते वाढत वाढत पुढे जातं आणि मागून चांगलं येतं. "धीर सोडून मध्येच गोळ्या बंद करू नका. आणि काकांना घेऊन या. त्यांचीही साखर बघू."

परतीच्या गाडीत केजच्या पुढं कुठंतरी मावशी एवढंच बोलली. "बाई, ह्यांना सांगू नका. चिखल्यांचं."

मी सांगितलं नाही. पण किसनकाका दिवसभर ओट्यावर बसून सगळं बघणारा माणूस. घरात दुसरा नेलकटर आला, टॉवेल वेगळे झाले. रविवारी मावशी त्यांचा पाय घ्यायला बसली तेव्हा हातात रबरी मोजे होते. त्यांनी विचारलं, "हे कावून?" तिनं आधी इकडचं तिकडचं सांगितलं. मग खोटं बोलता आलं नाही. मी माझ्या खिडकीत तांदूळ निवडत होते, मला ऐकू येत होतं.

"म्हंजी माझ्यापसून आलं तुला," काका म्हणाले.

"तुमच्यापसून एकट्यापसून न्हाई. साबणाचं पाणी हाय, साखर हाय, काच हाय. डाक्टरीनबाईनं समदं सांगितलं."

"माझ्या पायापसून आलं," ते पुन्हा म्हणाले. आणि पाय तिच्या मांडीवरून काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पायात जाड मोजे आले. धारूरच्या उन्हाळ्यात, रात्रंदिवस. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायचे, मला काय झालंय. पाय दाखवा म्हटलं तर उठून आत जायचे. रविवारी दुपारी दोघं ओट्यावर बसायची, पण मध्ये पेटीएवढं अंतर. मावशीची बडबड बंद झाली होती.

तिचं आधीचंच ओझं पुरेसं होतं. तिनं गोळ्या सुरू केल्या, भांडी मोजे घालून घासली. गाळ्यावरही मोजे घालून बसली. पण मोज्यातून हात कळत नाही. एक बाई हिम्मत करून भरायला बसली. मावशीनं नेहमीसारखं हाड चाचपलं, अंदाज चुकला, आणि बांगडी हातातच पिचली. त्या बाईच्या मनगटातून रक्ताचा थेंब आला. तीस-पस्तीस वर्षांत असं झालं नसावं. ती बाई "असू द्या मावशी" म्हणत राहिली. मावशी मोजे काढून त्यांच्याकडे बघत बसली होती. त्या आठवड्यात तिनं गाळा सोडला. तिथं मोबाईलची कव्हरं विकणारा आला.

नंतर काही दिवस ती घरातच असायची. मी शाळेतून आले की तिच्याकडे जाऊन बसायचे. नख तसंच दिसायचं, कारण नवं मुळापाशी अजून दिसण्याएवढं आलं नव्हतं. एकदा मी बघितलं तर गोळ्यांचं पाकीट उंच फळीवर धूळ खात होतं. "कशाला खाऊ?" ती म्हणाली. "गाळा गेला. हात धरायला कुणी न्हाई. आन ज्याचा पाय धरत होते तो बी धरू दीना. नख सुदरून करू काय?" मी पाकीट खाली काढून तिच्या उशापाशी ठेवलं. तिनं घेतल्या का नाही, मला कळलं नाही.

श्रावणात त्यांच्या घरात वास यायला लागला. मावशीला वाटलं उंदीर मेला. तिनं कणगी हलवली, कोपरे धुतले. वास हटेना. मग एका सकाळी काका झोपले असताना तिनं त्यांच्या पायातला मोजा ओढून काढला. मोजा कातडीला चिकटला होता.

तिच्या हाकेनं सगळी गल्ली गोळा झाली. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. काकांनी बायकोचा हात लागू नये म्हणून स्वतःच ती जाड नखं कापायचा प्रयत्न केला होता. वाकता येत नाही, दिसत नाही, दाढीची पत्ती घेऊन चाचपत कापलेलं. पत्ती मांसात गेली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही, कारण त्यांनाही साखर होती आणि पायाची जाणीव कधीच गेली होती. जखम मोज्यात झाकून ते फिरत होते.

अंबाजोगाईला अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला, आणखी थोडे दिवस गेले असते तर तो गेला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी शनिवारी बघायला गेले. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून त्यांना बोलत होती आणि आजूबाजूच्या खाटांवरचे लोक ऐकत होते. तिला त्याची फिकीर नव्हती.

"बायकोपसून पाय लपविता. मी तुमच्या पायापसून आजारी पडले, तर मी पडले ना? मी काई म्हणले का तुमाला? मी रंग लावून बोट लपविलं, तुमी मोजा घालून पाय लपविला. एकापरीस एक येडे. कुणापसून लपवत हुतो आपण?"

काका भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुझी बोटं सडविली मी."

"सडली न्हाईत. हे बगा." तिनं उजवा हात त्यांच्या तोंडासमोर धरला. मधल्या बोटाच्या नखाच्या मुळाशी चिंचोक्याच्या टोकाएवढं नवं नख आलं होतं, गुलाबी, स्वच्छ. म्हणजे गोळ्या ती घेत होती. काकांनी ते नख बघितलं. मग तिची ती तीन बोटं मुठीत धरून ते रडायला लागले. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मावशीच्या दोन बोटांची नखं चांगली झाली. अंगठ्याचं मात्र कधीच नीट आलं नाही. पक्कडीनं मुळालाच इजा झाली होती. मधोमध चीर असलेलं, आडवंतिडवं नख आलं. बुरशी नव्हती, तपासून झालं होतं. पण दिसायला ते दिसायचंच.

त्याच सुमारास एका दुपारी प्रणिता आली. सातवा महिना लागलेला, डोहाळजेवण ठरलेलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून एकटीच चालत आली. मावशीच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आजी, हिरव्या भरायच्या हायत. आईला मी सांगून आले, तुमच्याच हातून."

मावशीनं तिला पाणी दिलं, गूळ दिला. तिच्या पोटाकडे बघून हसली. पेटी काढली, हिरव्या बांगड्या निवडल्या, पुसून प्रणिताच्या ओटीत घातल्या. पण हात पुढे केला नाही.

"भरा ना आजी."

"न्हाई पोरी. हात बरा झालाय. पण तो आता पुढं यीना. तुझ्या आईवर राग न्हाई माझा, तिला सांग." मग ती म्हणाली, "तू जा. सावकाश जा. दगडावर पाय बगून ठेव."

प्रणिता ओटीत बांगड्या घेऊन रडत गेली. मावशी दार लावून घेईल असं मला वाटलं होतं, पण ती ओट्यावर बसून राहिली, हात मांडीवर उलटे ठेवून.

त्यानंतर महिन्याभरानं माझी बदली झाली. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. सकाळी मी निरोप घ्यायला गेले तर मावशीच्या दाराला कुलूप. त्या दिवशी काकांना अंबाजोगाईला तपासणीसाठी न्यायचं असतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चुटपुट लागली. मी स्टँडवर आले, गाडी लागली, मी खिडकीशी बसले.

रात्री पाऊस पडून गेला होता. स्टँडच्या नळापाशी डबकं साचलेलं. त्याच्या पलीकडून दोघं येताना दिसली. काका काठी टेकत, पायात दवाखान्यातून दिलेली मऊ रबराची जाड चप्पल. मावशी त्यांच्या दंडाला धरून. ओल्यातून येताना काकांचा पाय घसरला आणि चप्पल पाण्यात गेली. मावशीनं त्यांना कठड्यावर बसवलं. स्वतः खाली बसली. गाडीला आलेल्या माणसांची गर्दी होती, सगळे बघत होते. तिनं त्यांचा दोन बोटं नसलेला पाय मांडीवर घेतला आणि पदरानं पुसायला लागली. आधी तळवा, मग घोटा, मग उरलेल्या बोटांच्या बेचक्या, एकेक करून, पदराचं टोक आत घालून. काका काहीतरी म्हणाले. तिनं मान वर न करता त्यांना काहीतरी सुनावलं. मी हाक मारणार होते, पण ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली आणि ती दोघं खिडकीतून निसटली. शेवटचं दिसलं ते एवढंच, की पाय पुसून झाला होता आणि तो कोरडा झाला की नाही ते बघण्यासाठी मावशीनं आपला गाल त्या पायाला लावला होता.